अठरा आकड्यांची जिवंत संख्या

कॅन्टीनमध्ये दीडशे माणसं जमली होती आणि चहाच्या खिडकीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्या कारखान्यात असं कधी होत नाही. सगळ्यांच्या माना समोरच्या फळ्याकडे वळल्या होत्या. एरवी त्या फळ्यावर पाळ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्या मंगळवारी त्या पुसून तिथे एकच संख्या लिहिली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत:

०५२६३१५७८९४७३६८४२१

फळ्याखाली, मालकांच्या केबिनमधून आणलेल्या गादीच्या खुर्चीत महाराज बसले होते. पांढरी दाढी, पांढरे कपडे, पायात मात्र नवे कोरे बूट.

"मोजून घ्या," महाराज म्हणाले. "अठरा आकडे. शून्यातून निघते आणि एकात विलीन होते. बाकीच्या संख्या मेलेल्या असतात, ही जिवंत आहे. हिला कितीही गुणा, ही आपलं अंग सोडत नाही."

एका लेथवाल्याला त्यांनी दोनने गुणायला सांगितलं. त्याने घाम पुसत गुणलं. उत्तर आलं १०५२६३१५७८९४७३६८४२. शेपटीचा एक उठून डोक्यावर जाऊन बसला होता, बाकी सगळे जागच्या जागी. मग दुसऱ्याने पाचने गुणलं. पुन्हा तेच अठरा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. कॅन्टीनमध्ये एवढी शांतता झाली की नळ गळतोय हे मला पहिल्यांदाच कळलं.

मी या कारखान्यात दातेरी चाकं तपासतो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेलं चाक, माझ्या टेबलावर येतो; मी त्याला गेज, म्हणजे ठरावीक मापाचा साचा, लावतो आणि पास किंवा नापास करतो. नापास जास्त करतो, म्हणून सगळे मला नापासराव म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या खणात एक बाद चाक मी मुद्दाम जपून ठेवलं आहे. दर सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणजे ते चाक प्रत्येक गेजला लावून बघायचं. गेजने ते अडवलं तर गेज चांगला. ते बाद चाकही ज्यातून सुखरूप पार होतं, तो गेज त्याच दिवशी भंगारात. हा नियम दाजींनी घालून दिलेला आहे, आणि दाजींबद्दल पुढे सांगायचंच आहे.

आमच्या लोकांना भोळे म्हणता येत नाही, दुखणं तेच आहे. ही माणसं केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखतात. महाराजांनी हवेतून अंगठी काढून दाखवली असती, तर यांनी त्यांना हसत हसत गेटबाहेर नेऊन सोडलं असतं. पण महाराजांनी गणित दिलं. एवढी मोठी संख्या मोबाइलच्या पडद्यावर नीट मावेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत माणसं खडू घेऊन जमिनीवर उकिडवी बसली. तीनने गुणलं, आठने गुणलं, तेराने गुणलं. हातचे दोनदा तपासले. प्रत्येक वेळी बरोबर आलं. आकडा जुळला की जॉब पास, ही आमच्या हाडात मुरलेली सवय. आकडा जुळला, आणि त्यांनी आकड्याबरोबर महाराजांनाही पास करून टाकलं.

पुढचं सगळं त्या एका चुकीवर उभं राहिलं. महाराजांचं म्हणणं असं, की प्रत्येक जन्मतारखेत माणसाचा गुणक दडलेला असतो. तारखेतले सगळे आकडे मिळवायचे. बेरीज अठराच्या वर गेली तर अठरा वजा करायचे, तरी वर राहिली तर पुन्हा वजा करायचे. उरेल त्याने जिवंत संख्येला गुणायचं. ती अंग न मोडता परत आली, तर रोग अठरा दिवसांत निघून जाणार. अट एकच: त्या अठरा दिवसांत औषध घ्यायचं नाही. औषध महाराजांच्या पायाशी आणून ठेवायचं, कारण औषध म्हणजे संशय.

महाराजांनी पैसा मात्र कधी मागितला नाही. लोकांना त्याचंच फार कौतुक. फुकट दिलेलं विष बाधत नाही असा काहीतरी समज असावा. मालकही खूश होते. त्या आठवड्यात आजारपणाच्या रजेचे अर्ज एकदम कमी झाले होते, आणि महाराजांना पाहुण्यांची खोली, तीही गरम पाण्यासकट, मिळाली होती.

ज्याला बुडायचं त्याने बुडावं, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. तेवढा मी तुसडा आहे. पण बुधवारी दाजी ती संख्या वहीत उतरवून घरी घेऊन आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या मशीन शॉपचे फोरमन. ताई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्यामागे एकच मुलगी, चिमी, वय बारा. चिमीला साखरेचा आजार आहे. लहान वयात होतो तो, ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतच नाही. दिवसातून चार वेळा सुई. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी दाजींना समोर बसवून सांगितलं होतं, की या इंजेक्शनला औषध समजू नका, श्वास समजा. एक दिवस थांबवलंत तर मुलगी दवाखान्यात येईल. दोन दिवस थांबवलंत तर कदाचित पोचणारही नाही. दाजींनी ते मान खाली घालून ऐकलं होतं, आणि तेव्हापासून एक सुई चुकवली नव्हती.

तेच दाजी आता म्हणत होते की रविवारी महाराज आजाऱ्यांच्या चिठ्ठ्या काढणार आहेत, त्यात चिमीची चिठ्ठी टाकायची. मी भांडलो. आवाज चढवला, ताईचं नाव काढलं, नको ते बोललो. दाजींनी वही माझ्यासमोर सरकवली.

"तू गुणून बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"कुठे चुकलं?"

"नाही चुकलं."

"मग नापास कशावर करतोस?"

मी एकपासून अठरापर्यंत सगळ्यांनी गुणून बघितलं होतं आणि अठराही वेळा ती बया अंग न मोडता माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. महाराजांचा जेवढा राग आला, त्याहून जास्त माझा मला आला. दाजी उठता उठता म्हणाले, "तिच्या पोटावर टोचायला जागा उरली नाही रे. तुला काय जातंय बोलायला, टोचतो मी." मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

शुक्रवारी गेटवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने आपली तारीख सांगितली. वर्षभर खोकतोय तो. त्या दिवशी रुमालावर रक्त होतं आणि महाराजांनी ते बघितलेलं मी बघितलं. बेरीज आली सदतीस. महाराजांनी अठरा वजा केले, उरले एकोणीस, आणि तिथेच हात वर केला. "थांबा. याला इथंच थांबायचं आहे." एकोणीसने गुणल्यावर फळ्यावर अठराच्या अठरा नऊ उभे राहिले. महाराज डोळे मिटून म्हणाले, "पूर्ण झालं. याला आता काही नको." म्हातारा हात जोडून निघून गेला, आणि लोकांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं फलाटावर सोडायला आलेले बघतात.

आदल्याच दिवशी पॅकिंगमधल्या बाईची बेरीजही सदतीस आली होती. तिच्या वेळी दोनदा वजा करून उरलेला एक घेतला होता. म्हणजे हा मनुष्य मेला तर आपल्या अंगावर नको, एवढाच महाराजांच्या त्या एकोणीसचा अर्थ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण त्या रागातच मला वाट सापडली. सगळे गेले तरी मी त्या नवांकडे बघत उभा राहिलो. गुणाकार तपासायचा तर उलटं जावं, भागाकार करावा, हे आम्ही शाळेत शिकतो आणि मोठेपणी विसरतो. एकोणीसने गुणून सगळे नऊ येतात, तर नवांना एकोणीसने भागल्यावर काय येणार?

शनिवारी दुपारी मी चिमीच्या टेबलाशी जाऊन बसलो. भागाकारात तिचा हात माझ्यापेक्षा ताजा आहे. तिने अठरा नऊ लिहिले आणि भागायला लागली. शून्य, पाच, दोन, सहा, तीन. पाचव्या आकड्याला ती थांबली.

"मामा, हे पप्पांच्या वहीतलंच येतंय."

मग मला न विचारता तिने पान उलटलं. नऊ कशाला, म्हणाली, साधा एक घेऊ आणि शून्यं देत जाऊ. एक भागिले एकोणीस. दहाला भाग जात नाही, शून्य, बाकी दहा. शंभरला पाचाचा भाग, बाकी पाच. पन्नासला दोनाचा, बाकी बारा. ती भागत गेली आणि महाराजांची जिवंत संख्या वहीच्या समासाशेजारून आपली आपण उतरत गेली. अठराव्या आकड्याला बाकी उरली एक. म्हणजे जिथून निघालो तिथेच परत.

चिमीने बाक्यांवर पेन्सिलने खुणा केल्या. एकपासून अठरापर्यंत प्रत्येक बाकी बरोबर एकेकदा आली होती. एकोणीसने भागल्यावर याहून वेगळी बाकी उरणार तरी कुठली? आणि बाकी ठरली की पुढचा आकडा ठरला. एखाद्या गोल आळीत अठरा घरं असावीत तसं हे, प्रत्येक बाकीचं एक घर. एकच्या दारातून निघालात तरी तीच घरं, सातच्या दारातून निघालात तरी तीच घरं, त्याच क्रमाने. सातने गुणणं म्हणजे फक्त सातच्या दारातून निघणं. आणि एकोणीसने गुणलं की आळी संपून भागलेले नऊच परत येतात. तेवढ्यात चिमीने एकला सातने भागून बघितलं होतं. १४२८५७. ही सहा आकड्यांची, पण वागणूक तीच. सतराने भागून सोळा आकड्यांची आणखी एक निघाली.

"म्हणजे यांचं घराणंच आहे," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी त्या पानाची घडी करून खिशात घातली. उद्या हे फळ्यावर लिहिलं की खेळ खलास, अशी माझी खात्री होती. मी मूर्ख होतो.

रविवारी साप्ताहिक सुट्टी असूनही कॅन्टीन भरलं होतं. बायकामुलं आली होती. महाराजांसमोरच्या टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या आणि औषधांच्या बाटल्यांची रास होती. दाजी पहिल्या रांगेत होते, मांडीवर कापडी पिशवी. चिमी शेजारी बसून पाणी पीत होती. तिचा तो तिसरा ग्लास, हे मी मोजलं. जवळ जाऊन विचारलं तर हळूच म्हणाली, "सकाळची सुई पप्पांनी दिलीच नाही." पिशवीत काय आहे हे मग विचारायची गरज नव्हती.

मी थेट फळ्याकडे गेलो आणि खडू उचलला. कुणी अडवण्याआधी भागाकार मांडायला घेतला. आळी, घरं, बाक्या, सगळं सांगितलं. ही संख्या कुठल्या गुहेत सापडलेली नाही, बारा वर्षांच्या मुलीच्या वहीत निघते, हे सांगितलं. अठरापर्यंतच्या कुठल्याही आकड्याने गुणा, ती परत येणारच, आणि अठरा वजा करत राहायचा नियम त्यासाठीच आहे, हे सांगितलं. गेटवरच्या म्हाताऱ्याचं एकोणीस मुद्दाम कसं काढलं, तेही सांगितलं.

महाराज हसले. "बघा, हाही माझंच सिद्ध करतोय. भागा, गुणा, ती येतेच. मी दुसरं काय म्हणालो?"

आणि लोक माना डोलावायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, नापासराव, गणित बरोबरच आहे की मग. त्यांना वाटत होतं मी गणित खोटं पाडायला आलो आहे. गणित खरंच होतं, ही तर अडचण होती.

महाराजांनी चिठ्ठ्यांच्या खोक्यात हात घातला. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त तारीख, असा त्यांचा रविवारसाठीचा दंडक. मला माणूस बघावा लागत नाही, हे ते मोठ्या गर्वाने सांगत. त्यांनी एक चिठ्ठी उघडली.

"चौदा, अकरा, एकोणीसशे ऐंशी."

दाजींची मान झटकन वर झाली. ती तारीख मीही ओळखली, पण महाराज पुढे निघाले होते. बेरीज पंचवीस. अठरा वजा, उरले सात. त्यांच्यासोबत आलेल्या शिष्याने सातने गुणलं: ३६८४२१०५२६३१५७८९४७. एकही आकडा इकडचा तिकडे नाही.

"अभंग," महाराज म्हणाले. "या जिवाला भीती नाही. रोग आत्ताच निघाला आहे. अठरा दिवसांत हे माणूस स्वतःच्या पायांनी चालत कामाला लागेल. कुणाची चिठ्ठी आहे, उभं राहा."

चिमी उभी राहिली. तोंड सुकलेलं, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"ही माझ्या आईची तारीख आहे," ती म्हणाली. "तिला जाऊन दोन वर्षं झाली. पप्पांनी माझी तारीख लिहायला सांगितली होती, मी तिची लिहिली." मग ती वडिलांकडे वळली. "तुम्हीच म्हणता ना, गेजवर विश्वास ठेवण्याआधी त्याला बाद चाक लावून बघायचं."

महाराज मात्र सराईत. आत्मा अमर असतो, ते म्हणाले, संख्या आत्म्याचं सांगते. दोन-चार जणांनी सुटकेचा श्वास सोडलाही. ज्याला फसायचंच आहे त्याला फट पुरते.

दाजी उठले. हा माणूस शॉपमध्येही मोठ्याने बोलत नाही, पण बोलला की मशीनं थांबतात.

"आत्म्याचं नका सांगू," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात ती कामाला लागेल. मी तिला या हातांनी पोचवून आलोय." त्यांनी टेबलावरच्या राशीकडे बघितलं. "मेलेलीला पास करणारा गेज मी माझ्या पोरीला लावत होतो."

ते पिशवी घेऊन खाली वाकले आणि चिमीला म्हणाले, "चल." तिने पाऊल उचललं तेव्हा तिचा तोल गेला. आम्ही दोघांनी तिला धरलं आणि मालकांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरने मालकांना विचारलंसुद्धा नाही.

मीटरवर चारशे बारा आलं. डॉक्टरीणबाईंनी दाजींना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. संध्याकाळी साखर उतरली. दाजी पलंगाशी बसून एकच वाक्य बोलले, "तिच्या आईच्या वेळी मला असा एक आकडा हवा होता रे, जो परत येतो." मग ते रडले, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. त्या आठवड्यात त्यांना मी जे जे बोललो होतो ते सगळं मला आठवत होतं.

परत आलो तेव्हा कॅन्टीनमधल्या टेबलावरची रास बरीच ओसरली होती. लोक आपापल्या गोळ्या गुपचूप उचलून घेऊन गेले होते. सगळे नाहीत. काही पट्ट्या तशाच पडल्या होत्या, आणि त्यांचे मालक अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत. महाराज सोमवारी पहाटेच पाहुण्यांची खोली सोडून गेले. गेटवरच्या म्हाताऱ्याला मी घरी जाऊन हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्याला क्षय निघाला, म्हणजे औषधाने बरा होणारा आजार. त्याला मरायला पाठवणाऱ्या माणसाला मी कधीही माफ करणार नाही.

महाराज आता दुसऱ्या कुठल्या तरी कॅन्टीनमध्ये बसले असतील. कदाचित तुमच्या. फळ्यावर तीच संख्या असेल आणि तुम्ही गुणलंत तर ती बरोबरच येईल. म्हणून हात जोडून सांगतो, गुणाकार तपासून समाधान मानू नका. संख्या खरी आहे, सुंदरही आहे. मुलांना जवळ बसवून एकदा एकोणीसने भागून दाखवा. पण तिला तुमच्या घरातल्या तापाचं, रक्ताचं, साखरेचं काही ठाऊक नाही. ते मोजणारी साधनं वेगळी आहेत, आणि त्यांची ओळख सोपी आहे: वेळ आली की ती 'नाही' म्हणतात. कधीच 'नाही' न म्हणणाऱ्या माणसाला आधी एखादं बाद चाक लावून बघा.

ते पान चिमीने माझ्याकडून परत मागून घेतलं. दाजी अजून दिवसातून चार वेळा सुई भरतात. प्रत्येक वेळी ती उजेडात धरून वरचा आकडा मोठ्याने वाचतात, चिमी तो तपासते आणि म्हणते, "पास."